चाड्यावरची मूठ

बसा.

जिथे आहात तिथेच. पाट असेल तर पाटावर, खुर्ची असेल तर खुर्चीवर. पाठ सहज सरळ होऊ द्या, ताणू नका.

समोर एक वाटी ठेवा. वाटीत ज्वारी असू द्या. दळायला काढलेली, निवडलेली, घरातली नेहमीची.

हे लिहिताना मी हुबळीत, केशवापुरात आहे. कुसुगल रस्त्यावरून गाड्या जातात. मधूनच स्टेशनाकडून इंजिनाचा भोंगा येतो. दोन आवाजांच्या मध्ये थोडी मोकळी जागा उरते. तुमच्या खिडकीबाहेर तुमचे आवाज असतील. ते असू द्या. त्यांच्या मधली जागा तेवढी ऐका.

श्वास आत येतो.

श्वास बाहेर जातो.

आता उजवा हात वाटीत घाला.

लगेच उचलू नका. बोटं दाण्यांत नुसती राहू द्या. दाणे थंड लागतात. सकाळी जास्त थंड, दुपारी कमी. बोटं जरा हलवली की दाणे सरकतात आणि आवाज होतो. बारीक, कोरडा.

तो आवाज पुन्हा एकदा करा.

मग मूठ भरा. वर उचला. डोळे मिटा.

*

मुठीत किती आहे?

मोजायचं नाही. वजन जाणवू द्या.

मालदांडी ज्वारीचे हजार दाणे तराजूत टाकले तर साधारण 30 ते 35 ग्रॅम भरतात. म्हणजे या घडीला तुमच्या मुठीत हजार-दीड हजार दाणे असतील. प्रत्येक दाण्याला एक निमुळतं टोक आहे. तिथून तो कणसाला धरून होता. त्या टोकाशीच कोंब निजलेला आहे.

हजार कोंब. एका मुठीत.

इथे थांबा.

अंगठा दाण्यांवरून हळू फिरवा. गुळगुळीत. कुठे एखादा फुटका, त्याची कड बोटाला लागते. कुठे कोंड्याचा पापुद्रा अजून चिकटलेला.

मूठ घट्ट करा. दाणे तळव्यात रुततात.

आता सैल करा. अगदी थोडी. करंगळीच्या बाजूनं एक दाणा निसटतो आणि वाटीत पडतो. आणखी थोडी सैल करा. दोन दाणे. तीन.

पुन्हा घट्ट. दाणे थांबतात.

पुन्हा सैल.

काही वेळ एवढंच करत राहा. घाई नाही. कुणी वाट बघत नाही.

*

डोळे मिटलेलेच राहू द्या आणि पायांखाली काळी जमीन आणा.

हुबळीच्या पूर्वेला, नवलगुंद आणि अण्णिगेरीकडे, ही जमीन सपाट पसरत जाते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, हात आत जाईल एवढ्या. पाऊस झाला की भेगा मिटतात. मग माती पाऊल धरून ठेवते, सोडत नाही.

आत्ता हस्ताचा पाऊस होऊन गेलाय. दोन दिवस ऊन पडलंय. वाफसा आलाय. माती मुठीत दाबली तर गोळा होतो, बोटानं टोकलं तर तो फुटतो.

वास घ्या.

पहिल्या पावसानं ओल्या झालेल्या मातीचा वास वेगळा. हा वेगळा आहे. हा जड, खोलवरचा, थोडा कुजलेल्या पाल्याचा वास आहे. नाकातून आत घ्या आणि छातीत राहू द्या.

बैल उभे आहेत. मागे कुरी आहे. कुणी तिला तिफण म्हणतं, कुणी पाभर. तीन फण मातीत टेकलेले. तीन पोकळ नळ्या वर येऊन एका लाकडी वाटीला मिळालेल्या. ही वाटी म्हणजे चाडं.

चाड्यावर एक हात आहे. मूठ बंद. मुठीत बियाणं.

हा हात बघा. चेहरा नको. बाईचा असेल, पुरुषाचा असेल. फक्त हात बघा. नखांत माती आहे. मनगटाच्या शिरा वर आल्या आहेत. अंगठा तर्जनीच्या कडेला टेकलेला आहे.

बैल चालू लागतात.

मूठ सैल होते. दाणे चाड्यात पडतात, चाड्यातून तीन नळ्यांत, नळ्यांतून तीन तासांत. वरून माती ढळते आणि दाणे दिसेनासे होतात.

बघत राहा.

मूठ घट्ट राहिली तर तास रिकामं जातं. आठवड्यानं उगवून आलं की मधले खंड दिसतात, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण ते बघतो. मूठ जास्त सुटली तर रोपांची दाटी होते, आणि शेत संपायच्या आधी बियाणं संपतं. एकरी तीन-चार किलो ज्वारी. तेवढी या बोटांतून जायची असते, या बांधापासून त्या बांधापर्यंत सारखी.

बैल थबकला की मूठ थबकते. बैलानं पाय उचलला की सुटते. ढेकूळ आलं, फण उचलला गेला, तर मूठ तेवढाच वेळ मिटते. डोळे समोर आहेत. हाताकडे कुणी बघत नाही. हात बैलांची चाल ऐकतो आहे.

मागे दोरीनं बांधलेली आणखी एक नळी आहे, मोघण. तिच्यावर दुसरं माणूस, दुसरी मूठ. तिच्यात करडई. काही तासं ज्वारीची, मग एक करडईचं. करडई काटेरी असते. ती कडेनं उभी राहिली की गुरं आत शिरत नाहीत.

आता तुमच्या मुठीकडे परत या. ती अजून वाटीवर आहे.

श्वास बैलांच्या चालीनं जाऊ द्या.

आत येताना धरा.

बाहेर जाताना जराशी सोडा.

धरा.

सोडा.

हे कुठल्या वहीत लिहिलेलं नाही. पोर आधी मोठ्यांच्या मागून नुसतं चालतं. एक पावसाळा, दोन पावसाळे. मग एके दिवशी त्याचा हात चाड्यावर ठेवला जातो, आणि त्या हातावर मोठा हात. दोन मुठी, एकीवर एक. किती सोडायचं हे तळव्यातून तळव्यात जातं. तोंडानं एवढंच ऐकू येतं: बघ, आता, हां, अस्सं.

तो वरचा हात तुमच्या हातावर आहे असं समजा.

त्याची ऊब जाणवू द्या.

इथे हवं तेवढं थांबा.

*

डोळे उघडा. पुन्हा मिटा.

आता दुसरं शेत.

केशवापुरातून निघालं की थोड्याच वेळात कुंदगोळ येतं. सवाई गंधर्वांचं कुंदगोळ. गंगूबाई हनगळ हुबळीहून आगगाडीनं तिथे गाणं शिकायला जात. मराठी माणसाला हे गाव त्या सुरांमुळे ठाऊक असतं. त्याच तालुक्यात तीर्थ नावाचं खेडं आहे. तिथल्या बांधावर उभे राहा.

भाद्रपद आहे. सावी पिकत आलीये. आपण उपासाला वरई शिजवतो ना, तीच. गुडघ्याच्या जरा वर आली आहे आणि लोंब्यांच्या भारानं एका अंगाला वाकली आहे. वारा येतो. सगळं शेत एकदम हलतं, आणि सळसळ आधी कानाला कळते, मग डोळ्याला.

ती सळसळ ऐका.

एक लोंबी तळव्यावर ओढून घ्या. दाणे बघा. हजार दाण्यांचं वजन दोन-तीन ग्रॅम. ज्वारीचे हजार-दीड हजार मावणाऱ्या मुठीत सावीचे वीस हजारांच्या घरात बसतील. इतक्या बारीक दाण्याला चाड्यावर धरणं म्हणजे बोटांची परीक्षा. म्हणून काही जण बियाण्यात वाळू मिसळून घेतात. मग मुठीत धरायला काही लागतं.

आता ओळींच्या मधे बघा.

तूर. आत्ता ती सावीहून फार उंच नाही. तिला घाई नाही. तिची सोटमुळं खाली चालली आहेत, सावीची तंतुमुळं वरच्या थरात पसरली आहेत. एकाच जमिनीत दोघी वेगवेगळ्या खोलीवर पाणी पितात. तिच्या मुळांवर गाठी आहेत. त्या गाठींतले सूक्ष्मजीव हवेतला नत्र मातीत आणतात. डोळ्याला यातलं काही दिसत नाही. दिसतं ते एवढंच की तुरीजवळची सावी हिरवी आहे.

खाली वाका. चवळीचा वेल जमिनीवर पसरलाय, माती झाकून. त्याचं पान उचला. पानाखाली ओल आहे. एक मुंगी जाते आहे.

तिला जाऊ द्या.

कडेला अंबाडी, तिच्या देठाला लाली. पलीकडे कारळ्याची फुलं, पिवळी. त्यांच्यावर मधमाश्या. गुणगुण कुठून येते ते शोधू नका, नुसती ऐका.

सावी 80-90 दिवसांत निघेल. मग तूर एकटी उरेल आणि तेव्हा खरी फुटेल. मार्गशीर्षात तिला शेंगा धरतील. तोवर तिची पानं गळत राहतील, माती होत राहतील. एका पेरणीत घराला सावी मिळते, डाळ मिळते, भाजी मिळते, चटणीला कारळे मिळतात, आणि एखाद्या वर्षी पावसानं दगा दिला तर यांतलं काहीतरी हाताला लागतंच.

उभे राहा. काही करू नका.

श्वास आत. श्वास बाहेर.

*

याच तीर्थ गावात 2018 मध्ये 15 बायका एकत्र आल्या. त्यांच्या बचत गटाचं नाव बीबी फातिमा. सहज समृद्ध नावाची, देशी बियाणं जपणारी कर्नाटकातली संस्था त्यांच्या सोबत आहे. बियाण्यांची पेढी, भरडधान्यांची मिश्र पेरणी, दाणे सोलायला सौर विजेवर चालणारी यंत्रं, आणि आसपासच्या खेड्यांतले शेतकरी, असं काम वाढत गेलं. 2025 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमानं त्यांना इक्वेटर पुरस्कार दिला.

पुरस्काराची बातमी सगळीकडे आली. आपण बातमीत न थांबता पेढीच्या फडताळाशी थांबू या.

अशा पेढ्यांत बियाणं बरण्यांत, मडक्यांत, कापडी पिशव्यांत असतं. राख मिसळलेली असते. कडुलिंबाची पानं घातलेली असतात. झाकण काढलं की कडू, कोरडा वास येतो. पेरणीच्या आधी मापानं बियाणं न्यायचं, पीक आलं की नेलं त्याहून जास्त आणून घालायचं, अशी या पेढ्यांची रीत. व्याज दाण्यांत.

बरणीत हात घालणारी एक मूठ मनात आणा.

हातात काचेच्या बांगड्या. बरणीच्या तोंडाला त्या लागतात. किणकिण.

ती मूठ बाहेर येते. एका पदरात रिकामी होते.

पुन्हा आत जाते.

ही धान्यं मागे पडली त्याला कारणं आहेत आणि ती सगळ्यांना ठाऊक आहेत. रेशनचा तांदूळ आला. मका आला, कापूस आला. शिवाय सावीचं टरफल कठीण. उखळात घालून कांडायचं, सुपानं पाखडायचं, पुन्हा कांडायचं. पहाटेपासून खांदे दुखेपर्यंत. ते कष्ट बायकांचे होते, आणि त्यांनी ते सोडले यात मला काही चुकीचं वाटत नाही. यंत्र आलं, खांदे सुटले आणि सावी पुन्हा ताटात आली, ही मला या सगळ्यातली सर्वांत आनंदाची गोष्ट वाटते.

तुमचे खांदे बघा. वर चढलेत का?

खाली येऊ द्या.

*

मुठीतला एक दाणा वेगळा काढा. बाकीची ज्वारी वाटीत सोडून द्या. सगळी. हलकेच.

एकच दाणा तळव्यावर ठेवा. डोळे उघडा. बघा.

मोत्याच्या रंगाचा. एका बाजूनं फुगीर. टोकाशी काळसर ठिपका.

हा इथला वाटतो. तो इथला झालाही आहे. मोहोळच्या केंद्रावर निवडलेली मालदांडी, एम 35-1, आज सोलापुरापासून विजापूर-धारवाडपर्यंत घराघरांत आहे. पण त्याचं मूळ घर समुद्रापलीकडे आहे. पूर्व सुदानात, कस्सला शहराच्या परिसरात, जुन्या वस्तीत मातीच्या भांड्यांचे तुकडे मिळाले. कुंभारानं माती मळताना तिच्यात ज्वारीचा कोंडा घातला होता. भांडं भट्टीत गेलं, कोंडा जळून गेला, पण ठसे राहिले. सुमारे 5000 वर्षांपूर्वीचे. माणसानं ज्वारी पेरून आपलीशी केल्याची ही आतापर्यंतची सर्वांत जुनी खूण.

माती मळणारा तो हात बघा.

त्यानंही मूठ भरून कोंडा घेतला असेल.

बाजरी आफ्रिकेतली. नाचणी आफ्रिकेतली. चवळीही. कुणाच्या गाठोड्यात, कुणाच्या गलबतात, मुठीतून मुठीत येत येत त्या इकडे पोचल्या. कुणाचं नाव उरलं नाही. दाणा उरला.

तूर मात्र आपली. ती इथून तिकडे गेली.

मलावी नावाचा देश आहे, आफ्रिकेच्या दक्षिण भागात. त्याच्या उत्तर भागात एक्वेंडेनी गावात मिशनचं रुग्णालय आहे. कुपोषित मुलं तिथे येत, बरी होऊन जात, पुन्हा येत. 2000 साली रुग्णालयातल्या लोकांनी आणि गावच्या शेतकऱ्यांनी मिळून मुलांच्या आजाराचा माग शेतापर्यंत काढला. माती थकली होती. ताटात मक्याशिवाय फारसं काही नव्हतं. मग शेतकऱ्यांनी स्वतःच प्रयोग मांडले. भुईमुगाबरोबर तूर लावायची. पीक निघालं की त्याचा पाला जाळायचा नाही, मातीत गाडायचा. पुढच्या हंगामात त्यावर मका. आणि गावात एकत्र जमून रांधायचे दिवस सुरू केले. तिथे बायका आणि पुरुष मिळून तुरीचे, सोयाबीनचे पदार्थ शिजवायचे, एकमेकांना वाढायचे.

तिथल्या चुलीवर शिजणारी तूर मनात आणा.

भांड्यावरचं झाकण हलतं आहे. वाफ येते आहे. वास तुमच्या ओळखीचा आहे.

त्यांचं शेत आणि कुंदगोळचं शेत. ज्वारी तिकडून आली, तूर इकडून गेली. मधे केवढा समुद्र.

तळव्यावरच्या दाण्याकडे बघत राहा.

फार लांब चालत आलाय तो. त्याला जरा वेळ तिथेच बसू द्या.

*

धारवाडला शेतकी कॉलेज 1947 मध्ये सुरू झालं. 1986 मध्ये त्याच आवारात कृषी विज्ञान विद्यापीठ उभं राहिलं. राणेबेन्नूरजवळ हनुमनमट्टीला त्यांचं केंद्र आहे, तिथे सावीवर आणि राळ्यावर काम चालतं. डीएचएलएम 36-3 हे सावीचं वाण तिथलं. प्रयोगाच्या वाफ्यात एक मुलगी बसलेली असते, हातात वही. लोंबी मोजते, उंची मोजते, दाणे पाकिटात भरते, पाकिटावर आकडा लिहिते. तिच्याही मुठीत बियाणं असतं.

मला हे काम फार मोलाचं वाटतं. आणि तरी एक काळजी वाटते, ती इथे सांगून टाकते. वाण शीतपेटीत वर्षानुवर्षं राहतं. चाड्यावरची मूठ राहत नाही. ती धरणारे हात आता सत्तरीच्या आसपास आहेत. ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राला मी नावं ठेवत नाही, त्यानं पुष्कळांच्या पाठी वाचवल्या. पण सावी, कारळे, करडई, अंबाडी एका शेतात कशी, किती अंतरानं, कुठल्या नक्षत्रावर टाकायची, हे ज्या हाताला कळतं त्या हाताशेजारी बसायला कुणी हवं आहे. वही घेऊन बसा, वही न घेता बसा. पण बसा.

काळजी सांगून झाली. तिला श्वासाबरोबर बाहेर जाऊ द्या.

*

आता अंधारात जाऊ.

घराच्या अंगणाखाली पेव आहे. कन्नडात हगेवु. आत उतरायला अरुंद तोंड, खाली पोट रुंद होत गेलेलं. भिंतींना आतून ज्वारीचा कडबा लावलेला. तळाशीही कडबा. त्यात ज्वारी ओतलेली, वर पुन्हा कडबा, मग माती, मग सपाट अंगण. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं होती, ती मराठी माणसाला माहीत असतात. इकडे धान्याची.

अंगणात मुलं खेळत आहेत. खाली ज्वारी निजली आहे.

वर दुष्काळ येतो, जातो. खाली ज्वारी निजली आहे.

आत प्रकाश नाही. हवा जवळजवळ नाही. म्हणून कीड जगत नाही. पेव उघडलं की कुणी लगेच आत उतरत नसे. तोंड मोकळं ठेवायचं, थांबायचं, दिवा आत सोडून बघायचा. दिवा तेवत राहिला की मगच माणूस उतरायचं. कोंडलेल्या त्या हवेत जीव जातो, हे अनुभवानं कळलेलं.

उघडायचं. थांबायचं. दिवा बघायचा.

तुमच्या छातीतही जरा थांबा. श्वास बाहेर गेल्यावर, पुढचा यायच्या आधी, एक लहानशी जागा असते.

तिथे.

*

आणि आता पुन्हा उजेड.

मार्गशीर्षातली अमावस्या. लातूर-धाराशिवकडे वेळा अमावस्या म्हणतात, इकडे एळ्ळ अमावस्या. शेताला जायचं. गाडीत डबे, परड्या, घागरी. बाजरीच्या आणि ज्वारीच्या भाकऱ्या, तिळाची पूड लावलेल्या. वांग्याची भाजी. पालेभाज्यांची मिसळ. आंबील, ताकाचं, आंबट, गार.

ज्वारी पोटरीत आली आहे, कुठे कणसं बाहेर पडली आहेत. हरभऱ्याच्या पानांवर खारट दव आहे. बोट लावा आणि जिभेला लावा.

आंबट. खारट.

आधी पूजा. मग जेवायच्या आधी चरग. घरातलं एक माणूस परडी घेऊन पिकातून चालू लागतं. सगळ्या पदार्थांचा थोडा थोडा भाग परडीत कालवलेला. मूठ भरायची आणि पिकात टाकायची. चार पावलं. पुन्हा मूठ. मागून दुसरं माणूस पाणी शिंपत येतं. तोंडानं पुकारा चाललेला असतो, शेताच्या चारही अंगांना ऐकू जाईल असा. जमिनीला पहिला घास.

ही मूठ बघा. ती उघडते तेव्हा सगळी उघडते. बोटं पसरतात. चाड्यावरच्या मुठीचं मोजमाप हिला नाही.

तिच्याबरोबर चार पावलं चाला.

पक्षी खाली उतरतात. मुंग्या येतात. ते जेवतात. आणि मग आपण झाडाखाली बसतो, मांडीला मांडी लावून, आणि जेवतो.

घास तोंडात आहे. चावा.

ज्वारीची भाकरी पहिल्यांदा काही सांगत नाही. पीठ, थोडा धूर. आणखी चावा. आता गोडी येते, हळूहळू, जिभेच्या कडांना. गिळायची घाई करू नका. त्या गोडीपाशी राहा.

*

डोळे उघडा.

वाटी समोर आहे. तळव्यावरचा तो एक दाणा कुंडीत खोवा, हवा तर. उगवेल. दळून झालेल्या पिठाला आणि सोललेल्या सावीला हे जमत नाही, अख्ख्या ज्वारीला जमतं. कणीस भरलंच तर चिमण्या येतील.

बाकीची दळणात टाका. हुबळीच्या दुर्गदबैलाच्या बाजारात गेलात तर कडक भाकऱ्यांच्या चळती दिसतील, पण एखादी आज घरी थापून बघा. कडकडीत आधण घालून मळा. परातीत थापताना तळवा ऐका. पीठ चिरतंय की सरकतंय ते हाताला आधी कळतं.

आणि आणखी एक. तुमच्या ओळखीत चाड्यावर मूठ धरलेलं कुणीतरी असणार. आजोबा, थोरली काकू, गावाकडचे शेजारी. तुमच्या इमारतीचे रखवालदार मामा शेत सोडून शहरात आलेले असतील, तर तेही. या महिन्यात एकदा त्यांच्याकडे जा. नुसतं विचारलंत तर म्हणतील, त्यात काय सांगायचं? म्हणून बरोबर किलोभर ज्वारी न्या आणि एक परात. परात मधे ठेवा. वर त्यांची मूठ, खाली तुमचा तळवा. दोन-चारदा दाणे पडू द्या. मग अदलाबदल करा. ते हसतील. घट्ट धरलीस म्हणतील. आता फार सोडलीस म्हणतील. हातावर हात ठेवून पुन्हा करायला लावतील. चहा येईपर्यंत करत राहा.